एकाच पत्त्यावरची दोन यंत्रं

मिलिंद खिल्लारेनं लिहिलेला प्रोग्रॅम एकशे दहा ओळींचा होता. त्याच कामासाठी मी लिहायला घेतलेला प्रोग्रॅम तीनशे ओळींवर गेला आणि चालला नाही. नोकरीतल्या आठवणी लिहून द्या, असं या अंकाच्या संपादकांनी सांगितलं तेव्हा वाटलं, आपल्याकडं सांगण्यासारखं बरंच आहे. तीनदा लिहायला बसलो. तिन्ही वेळा या दोन आकड्यांपाशी येऊन अडलो. तेव्हा दुसरं काही न लिहिता तेच लिहितो.

परभणीत त्या काळी बियाण्यांच्या चाचण्या घेणारी एक संस्था होती. आता ती नाही, म्हणून नाव सांगत नाही. जिल्ह्यात ठिकठिकाणी तिचे प्लॉट होते. कोणत्या प्लॉटवर कोणतं वाण पेरलं, पाऊस किती झाला, उतारा किती आला, ही सगळी माहिती आमच्याकडं यायची आणि आम्ही ती कॉम्प्युटरमध्ये भरायचो. मी तिथला कॉम्प्युटर विभागाचा प्रमुख. पुण्याला राहून कोर्स केलेला, राणीसावरगावच्या देशमुखांचा मुलगा. गावी गेलो की पारावर कुणीतरी विचारायचं, "कंप्युटरमधी करतोस काय रे नेमकं?" आणि मी काही बोलायच्या आत वडील म्हणायचे, "लय मोठं काम हाय त्याचं. जिल्ह्यात दुसरा न्हाई." हे वाक्य मला फार आवडायचं. ते खरं असावं अशी माझी इच्छा असायची.

आमच्याकडं दोन मोठी यंत्रं होती, दोन वेगळ्या कंपन्यांची. एकावर माहिती भरली जायची. दुसरं शेजारच्या इमारतीत, संचालकांच्या दालनाजवळ होतं. त्याला मोठा प्रिंटर आणि आलेख काढायचं यंत्र जोडलेलं. दोन्हींमध्ये काळी केबल टाकलेली होती आणि तिच्यातून माहिती इकडून तिकडं जायची. बाहेरच्या माणसाला वाटतं की केबल जोडली म्हणजे झालं. तसं नसतं. प्रत्येक यंत्रात केबलसाठी एक कार्ड असतं. यंत्र चालू झालं की त्या कार्डाला दर वेळी सांगावं लागतं, तुझा पत्ता हा, तुझं जाळं एवढं, आणि आता तू कामाला लाग. हे सांगितलं नाही तर कार्ड मुक्यासारखं पडून राहतं. सांगण्यासाठी एक तयार आज्ञा मिळते. ती चार शब्दांत टाइप केली की काम होतं. ती आज्ञा माझ्याशिवाय कुणाला येत नव्हती, तोवर सगळं ठीक चाललं होतं.

मग मिलिंद आला. पूर्ण्याचा, रेल्वे क्वार्टर्समध्ये वाढलेला. वडील सिग्नल खात्यात. वय असेल चोवीस, कंत्राटी नेमणूक. तो आला तेव्हा संचालक काझीसाहेबांनी माझ्याकडं बोट दाखवून त्याला सांगितलं, "ये तुमारे उस्ताद." काझीसाहेब परभणीचेच, शेतीशास्त्राचे जाणकार. आमच्याशी अर्धं मराठी आणि अर्धं दखनी बोलायचे.

महिन्याभरातच एके सकाळी दोन्ही यंत्रांमधलं बोलणं बंद पडलं. मी दुपारपर्यंत कार्ड काढून बघितलं, आज्ञा देऊन बघितल्या, हैद्राबादला कंपनीच्या इंजिनिअरला ट्रंक कॉल लावला. मिलिंद म्हणाला, "साहेब, मी केबलीच्या कडंनं चालत जाऊन बघू का?" मी म्हटलं, बघ. तो गेला आणि वीस मिनिटांत परत आला. केबलच्या दोन्ही टोकांना अंगठ्याच्या पेराएवढी एक धातूची टोपी असते. ती नसली तर सगळी केबल बिघडते. शेवटच्या खोलीतल्या एका वरिष्ठ शास्त्रज्ञानं ती काढून स्वतःच्या ड्रॉवरमध्ये जपून ठेवली होती. "कशालाच जोडलेली नव्हती, हरवायची म्हणून ठेवली," असं त्यांनी मिलिंदला सांगितलं होतं.

आम्ही सगळे हसलो. मी विचारलं, "तुला कसं सुचलं?"

"वडील म्हणतात, लाईन गेली की आधी दोन्ही टोकं बघायची. मधलं नंतर."

पुण्याच्या कोर्सात हे मला कुणी सांगितलं नव्हतं. त्या दिवशी मी हसलो ते खरं हसलो. पण घरी जाताना सायकल हातात धरून चालत गेलो आणि सबंध रस्ताभर मला ते पोरगं आठवत राहिलं. तो माझ्या मदतीशिवाय बरोबर ठरला होता, आणि ते मला खुपत होतं.

पुढच्या उन्हाळ्यात खरी अडचण आली. विजेच्या लपंडावात पहिल्या यंत्राची डिस्क खराब झाली. भरलेली माहिती वाचली, पण बाकीच्या काही फाइली गेल्या, आणि कार्डाला पत्ता द्यायची आज्ञा त्यातच गेली. मूळ टेप लावून बघितली तर ती वाचता येईना. दुसऱ्या यंत्रावरची आज्ञा वेगळ्या कंपनीची, ती इकडं चालायची नाही. इंजिनिअर म्हणाला, पंधरा दिवस लागतील. आणि आठवड्यानं, शुक्रवारी, आमच्याकडं समिती यायची होती. संस्थेचं पुढं काय करायचं आणि कंत्राटी लोकांपैकी कुणाला कायम करायचं, हे तीच ठरवणार होती. प्लॉटची सगळी माहिती पहिल्या यंत्रावर, आलेख काढायची सोय दुसऱ्यावर, आणि मध्ये मुकी केबल.

एक वाट होती. तयार आज्ञा तरी काय करते? ती यंत्राच्या गाभ्याला, म्हणजे कर्नलला, ठरावीक पद्धतीनं हाक मारते आणि काम सांगते. ती हाक आपणच मारायची. आयॉक्टल नावाची एक हाक आहे. तिला एक क्रमांक द्यायचा, म्हणजे कोणतं काम ते कळतं. बरोबर एक छोटा तक्ता द्यायचा, त्यात कार्डाचं नाव आणि पत्ता भरायचा. तक्त्यातला एक रकाना जरी चुकला तरी गाभा "चुकीची माहिती" एवढंच म्हणतो आणि गप्प बसतो. कोणता रकाना, ते सांगत नाही.

हे सगळं कंपनीच्या मार्गदर्शिकेच्या तिसऱ्या खंडात होतं. पाच जाडजूड खंड आमच्या कपाटात असायचे. तिसरा मी पिशवीत घालून घरी नेला. अभ्यासासाठी नेला असं मी स्वतःला सांगितलं. दुसऱ्या दिवशी मिलिंदनं विचारलं, "साहेब, तिसरा खंड दिसंना." मी म्हटलं, "काझीसाहेबांकडं गेला असेल." काझीसाहेब त्या आठवड्यात औरंगाबादला होते.

हे मी आज पहिल्यांदा कागदावर लिहितो आहे.

दोन दिवस मी त्या खंडात डोकं घालून बसलो. प्रोग्रॅम वाढत गेला. दर वेळी तेच उत्तर, चुकीची माहिती. मिलिंद शेजारच्या टेबलावर स्क्रीनकडं बघत बसलेला असायचा आणि वहीत काहीतरी उतरवून घ्यायचा.

"काय करायलास?" मी विचारलं.

"यंत्रातच त्या तक्त्यांच्या व्याख्या हायेत ना साहेब, प्रोग्रॅम यंत्राच्या भाषेत आणताना कंपायलर वापरतो त्या. त्याच वाचायलोय. सोळा अक्षरं कार्डाच्या नावाला हायेत, मग पत्ता. पण पत्त्याच्या आधी तो कोणत्या जातीचा पत्ता हाय, ते सांगायचा एक आकडा लागतो."

माझ्या तक्त्यात तो आकडा नव्हता. मी दोन दिवस पुस्तक समोर घेऊन चुकत होतो, आणि त्यानं पुस्तकाशिवाय ती चूक शोधली होती. मी 'बरं' म्हणालो आणि चहाला बाहेर गेलो. माझा प्रोग्रॅम दुरुस्त करायला मला एक मिनिट लागलं असतं. त्यानं सांगितलेल्या शब्दावर दुरुस्त करणं मला जमलं नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी त्याचा एकशे दहा ओळींचा प्रोग्रॅम चालला. आज्ञेबरोबर कार्डाचं नाव आणि पत्ता द्यायचा. प्रोग्रॅम आधी पत्ता भरायचा, मग जाळं सांगायचा, मग कार्डाला आत्ताची स्थिती विचारायचा आणि त्यात "चालू" एवढीच भर घालून परत द्यायचा. मी असतो तर विचारलं नसतं, नुसतं "चालू" सांगितलं असतं आणि कार्डाच्या बाकीच्या खुणा पुसून टाकल्या असत्या. पलीकडच्या यंत्रानं पहिलं उत्तर दिलं तेव्हा सगळा विभाग त्याच्या खुर्चीमागं उभा होता. काझीसाहेब त्याच दिवशी परत आले होते. त्यांनी मिलिंदच्या खांद्यावर हात ठेवला. "शाब्बास बेटा. प्रोग्रॅमवर तुजं नाव लिही वर. उद्या कोणी विचारलं तर माहीत पायजे."

माझ्या तिथल्या तीन वर्षांत त्यांनी माझ्या खांद्यावर कधी हात ठेवला नव्हता. मी तो हात बघत होतो. माणसाला कशाकशाचा हेवा वाटू शकतो हे मला तेव्हा कळलं. त्याच्या बोटांच्या वेगाचा वाटला, बापानं शिकवलेल्या गोष्टीचा वाटला, साहेबांच्या हाताचा वाटला. जिल्ह्यात दुसरा न्हाई, हे वाक्य आता खोटं झालं होतं, आणि दुसरा माझ्याच हाताखाली बसत होता.

गुरुवारी दुपारी मिलिंद आलेखाचे कागद आणायला बाजारात गेला तेव्हा मी त्याचा प्रोग्रॅम उघडला. वर त्याचं नाव होतं. मला त्याखाली माझं नाव हवं होतं, आणि नाव टाकायचं तर काहीतरी सुधारणा केली पाहिजे. मी सुधारणा केली. दर वेळी पत्ता द्यायला नको म्हणून तो प्रोग्रॅममध्येच लिहून टाकला. मग वाटलं, दोन्हीकडं एकच पद्धत असावी. दुसऱ्या यंत्रावर त्याची स्वतःची आज्ञा धडधाकट होती, तिथं काही गरज नव्हती. तरी मी तोच प्रोग्रॅम तिथं नेला, तयार केला, आणि यंत्र सुरू होताना तोच चालेल अशी व्यवस्था केली. वरती लिहिलं, 'सुधारणा : देशमुख'. यंत्रं बंद करून परत चालू करून बघितली नाहीत. मिलिंद यायच्या आत संपवायचं होतं.

शुक्रवारी सकाळी समिती आली. तीन माणसं. चहापाणी झालं आणि वीज गेली. पंधरा मिनिटांनी आली. दोन्ही यंत्रं सुरू झाली आणि दोघांनी आपापल्या कार्डाला एकच पत्ता दिला. एका गल्लीत दोन घरांना एकच नंबर असावा, तसं झालं. कुणाचं पत्र कुणाला जातंय काही ठिकाण नाही. आलेखाच्या यंत्रानं एक रेघ ओढली आणि ते थांबलं.

यंत्राच्या मुख्य पडद्यावर एक ओळ आली. दुसरं कुणीतरी हाच पत्ता वापरत आहे, असा तिचा अर्थ. मी अगदी समोर उभा होतो. मी ती वाचली आणि मला त्याच क्षणी सगळं समजलं. तोंड उघडलं असतं तर दोन मिनिटांचं काम होतं.

मी उघडलं नाही.

काझीसाहेबांनी विचारलं, "क्या हुआ?" मी म्हटलं, "बघावं लागेल. प्रोग्रॅम नवीन आहे." यातला एकही शब्द खोटा नव्हता. समितीतल्या एका गृहस्थांनी विचारलं, "कुणी केलाय प्रोग्रॅम?" साहेबांनी मिलिंदकडं बघितलं. त्या गृहस्थांनी त्याचं आडनाव विचारलं. मिलिंदनं सांगितलं. ते शेजारच्याला म्हणाले, "असल्या पोरांच्या हाती यंत्रं दिली की असंच व्हायचं."

'असल्या' म्हणजे कसल्या, ते त्या खोलीतल्या प्रत्येकाला समजलं. ते दिवसच तसे होते. विद्यापीठाच्या नावावरून गावंच्या गावं एकमेकांकडं पाठ करून बसली होती. मी स्वतःला त्यातला समजत नव्हतो. माझा हेवा फक्त कामाचा आहे असं मला वाटायचं. पण त्या गृहस्थांनी तो शब्द उच्चारला तेव्हा मला बरं वाटलं. क्षणभरच, पण वाटलं. हेवा माझा होता, त्याला बसायला पाट मात्र आमच्या गावानं कधीचा मांडून ठेवला होता.

समिती प्लॉट बघायला गेली. मिलिंद पडद्याशी आला, ती ओळ वाचली, प्रोग्रॅम उघडला. माझं नाव त्यानं बघितलं असणारच. मग तो शेजारच्या इमारतीत गेला, दुसऱ्या यंत्राला जुन्या आज्ञेनं त्याचा खरा पत्ता दिला आणि आलेख निघायला लागले. समिती प्लॉटवरून परस्पर निघून गेली होती.

शनिवारी मी ताप आहे असं कळवलं. रविवारी सकाळी मिलिंद घरी आला. बिघाडाचा अहवाल सोमवारी सकाळीच साहेबांना हवा होता, त्याचे कागद घेऊन. माझी बायको सुमन, तिनं त्याला आतल्या खोलीत बसवलं आणि चहा ठेवायला गेली. मी अंघोळ करून आलो तर तो भिंतीतल्या फळीसमोर उभा होता. हातात तिसरा खंड.

त्यानं तो बंद केला आणि जागेवर ठेवला. "चांगलं पुस्तक हाय साहेब," तो म्हणाला. "ते सगळं एकाच पानात दिलंय."

मी खाली बसलो. म्हटलं, "परवाचं तुला समजलंय ना, कुणामुळं झालं ते?"

"पत्ता बघितला तवाच समजलं."

"मग बोलला का नाहीस?"

"मी बोललो असतो तर कोणी ऐकलं असतं का, साहेब? मी खरंच विचारायलोय."

सुमननं चहा आणला. त्यानं तो घेतला, कागदांवर सही कुठं करायची ते दाखवलं आणि गेला. दार लावून सुमन म्हणाली, "पुस्तक त्याचं होतं का?"

"नाही. ऑफिसचं."

"मग ते आपल्या घरात काय करायलंय?"

सोमवारी अहवाल लिहिला. 'प्रोग्रॅममध्ये त्रुटी राहून गेल्याने व्यत्यय आला.' कुणाची त्रुटी, ते वाक्यात येऊ दिलं नाही. सरकारी मराठीत ही सोय आहे.

कायम झालेल्यांची यादी दोन महिन्यांनी आली. मिलिंदचं नाव नव्हतं. त्यानं हैद्राबादच्या एका कंपनीत जागा शोधली आणि राजीनामा दिला. जाण्याआधी त्यानं माझ्यासाठी चार पानं लिहून ठेवली. कोणतं कार्ड तापतं, केबल कुठं उंदरांच्या वाटेत आहे, वीज गेल्यावर कोणत्या क्रमानं काय सुरू करायचं. अक्षर स्वच्छ, कुठं टोमणा नाही. त्यात एखादा टोमणा असता तर मी कदाचित कुणाला काही सांगितलं नसतं. तो गेला त्याच आठवड्यात मी काझीसाहेबांसमोर उभा राहिलो आणि खंडासकट सगळं सांगितलं.

त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "देशमुख," ते म्हणाले, "ये बात उस दिन बोलते तो बात थी. आज तुमी स्वतःला हलकं करायला आलात."

तरी त्यांनी मिलिंदला पत्र लिहिलं, परत ये, जागेसाठी मी भांडतो. त्याचं उत्तर आलं. येणं जमणार नाही, पण इथं केलेल्या कामाचा दाखला मिळाला तर उपयोग होईल. दाखला लिहायचं काम विभागप्रमुखाचं, म्हणजे माझं. मी लिहिलं की कार्डाला पत्ता देणारा प्रोग्रॅम यांनी एकट्यानं आणि मार्गदर्शिकेशिवाय लिहिला. पुढं लिहिलं की समितीसमोर झालेला बिघाड प्रस्तुत सही करणाऱ्यानं केलेल्या बदलामुळं झाला. सही केली, शिक्का मारला, पाठवून दिला. काझीसाहेबांनी प्रत वाचली आणि फाइलला लावायला सांगितली. मला वाटलं, आता नोकरी जाईल. गेली नाही. ती फाइल कुणी उघडली नाही.

नामांतर झालं त्या जानेवारीत मिलिंद पूर्ण्याला निघाला होता, वाटेत परभणीला उतरला. ऑफिसात पेढे घेऊन आला. अंगानं भरला होता, शर्ट इस्त्रीचा. मी त्याला सोडायला स्टेशनवर गेलो. पूर्ण्याच्या गाडीला वेळ होता. बाकावर बसलो.

"तो दाखला मी कुठंच दाखवला न्हाई साहेब," तो म्हणाला. "तुमच्या नोकरीवर आलं असतं."

मी मान खाली घातली. मला लाज वाटली, आणि लाजेच्या मागोमाग तो ओळखीचा हेवाही आलाच. एवढं मोठं मन याला कुठून मिळालं, आणि मला का नाही. हेवा गेला, मी सुधारलो, असं लिहिलं तर ते अहवालातल्या वाक्यासारखं होईल.

"आता काय करायलास तिकडं?" मी विचारलं.

तो सांगायला लागला. आता तो नुसती हाक मारत नव्हता. ती हाक आत पोचल्यावर कार्डानं काय करायचं, ते गाभ्यातलं लिहीत होता. कार्डाला माहिती आली की ते यंत्राला कसं थांबवतं, रांगा कशा लावायच्या, दोन कामं एकाच वेळी एकाच जागेत शिरली तर काय होतं. तो हातवारे करत होता. मी सवयीनं मान हलवत होतो. पुण्याचा कोर्स केलेला माणूस, विभागाचा प्रमुख, मान हलवणं मला छान जमायचं.

मग मी थांबलो. "मिलिंद," मी म्हटलं, "तू आत्ता सांगितलंस त्यातलं मला निम्मंसुद्धा समजलं नाही."

त्यानं माझ्याकडं बघितलं. तेवढ्यात गाडी फलाटाला लागली. लोक उतरले, चढले. त्यानं पिशवी उचलली, मग पुन्हा बाकाखाली ठेवली.

"पुढच्या गाडीनं जातो," तो म्हणाला. "तुमच्याकडं पेन हाय का?"

मी खिशातलं पेन दिलं. पेढ्यांच्या रिकाम्या खोक्याचं झाकण त्यानं फाडून मांडीवर धरलं, त्यावर एक चौकोन काढला, आणि पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.